जीटीए ५ च्या ‘ऑफिशियल एक्सपान्शन’च्या नावाखाली आमची झालेली फसवणूक

ग्रँड थेफ्ट ऑटो फाइव्ह, म्हणजे मुले ज्याला जीटीए ५ म्हणतात, त्या गेममध्ये कथा पुढे नेणारे कोणतेही विकतचे एक्सपान्शन, म्हणजे मूळ गेमला जोडायचा नवा भाग, रॉकस्टार गेम्स या कंपनीने आजवर काढलेले नाही. हे सुरुवातीलाच स्पष्ट लिहितो, कारण आमच्या घरी जी फसवणूक झाली ती एका अशा वस्तूच्या विक्रीतून झाली जी मुळात अस्तित्वातच नव्हती, आणि विकणाऱ्याला ते पुरते ठाऊक होते.

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असून तो शिक्षणासाठी ठाण्यात आमच्याकडे राहतो. घरात एकच संगणक आहे. त्यावर त्याचा अभ्यास आणि गेम चालतात, माझी कार्यालयीन कामे होतात, आणि माझी पत्नी घरगुती फराळाच्या ज्या ऑर्डरी घेते त्यांचा हिशेब व ग्राहकांशी होणारा पत्रव्यवहारही त्यावरूनच होतो. दिवाळीच्या थोडे आधी भाच्याला एका मेसेजिंग ॲपवरील गेमिंगच्या ग्रुपमध्ये एक जाहिरात दिसली. तिच्यात ‘जीटीए ५ लिबर्टी सिटी स्टोरी एक्सपान्शन, ऑफिशियल की, लाइफटाइम, फक्त ८९९ रुपये’ असे लिहिलेले होते (की म्हणजे विकत घेतलेला गेम सुरू करण्याचा सांकेतिक क्रमांक) आणि सोबत एक व्हिडिओ होता. त्याने तो मला दाखवला. जीटीए ५ चा एक नायक फ्रँकलिन त्या गेममधल्या लॉस सँटोस शहराऐवजी लिबर्टी सिटीच्या रस्त्यांवरून गाडी चालवत होता, वरून उन्नत रेल्वेमार्ग जात होता, पिवळ्या टॅक्सी धावत होत्या आणि पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यावर दुकानांच्या पाट्यांचे उजेड पडले होते. जीटीए ४ चे ते जुने शहर नव्या गेमच्या सफाईने दिसत होते.

तो व्हिडिओ बनावट नव्हता, आणि या फसवणुकीचे खरे मर्म मला तिथेच दिसते. गेमचे चाहते स्वतःच्या वेळात त्यात जे बदल तयार करून फुकट वाटतात त्यांना मॉड म्हणतात. जीटीए ४ चे लिबर्टी सिटी जीटीए ५ मध्ये आणण्याचे प्रयत्न अशा चाहत्यांनी अनेक वर्षे केलेले आहेत. जून २०१७ मध्ये रॉकस्टारची मालक कंपनी टेक-टू हिने ओपनआयव्ही या मॉडिंगच्या साधनावर कायदेशीर हरकत घेतली होती. खेळाडूंनी त्याविरुद्ध मोठा गदारोळ केल्यावर रॉकस्टारने एकट्याने खेळायच्या, विनानफा मॉडना मोकळीक देणारे धोरण जाहीर केले. मात्र आपल्याच दुसऱ्या गेममधला मजकूर उचलून आणण्यास त्या धोरणात मुभा नव्हती, आणि ओपनआयव्हीच्या मंडळींनी हाती घेतलेले लिबर्टी सिटीचे काम त्यामुळे थांबले. पुढे दुसऱ्या एका गटाने हेच शहर जीटीए ५ मध्ये उतरवून दाखवले, आणि जानेवारी २०२५ मध्ये रॉकस्टारशी बोलणे झाल्यावर त्यांनीही ते मागे घेतले. म्हणजे दृश्ये खरी होती, पण ती अशा कामाची होती जे कोणी फुकट केलेले होते आणि ज्याची विक्री करण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. खऱ्या दृश्यांवर खोटे नाव चिकटवले की अनुभवी खेळाडूलाही संशय येणे कठीण होते.

शिवाय असे एक्सपान्शन असणे अशक्य वाटावे अशी या मालिकेची परंपराही नाही. जीटीए ४ हा गेम २००८ मध्ये आला आणि २००९ मध्ये त्याला ‘द लॉस्ट अँड डॅम्ड’ आणि ‘द बॅलड ऑफ गे टोनी’ अशी दोन कथानके जोडली गेली. आधी ती एक्सबॉक्स ३६० या गेमच्या यंत्रावर आली आणि २०१० मध्ये प्लेस्टेशन ३ व संगणकावरही मिळू लागली. पहिल्यात मोटारसायकलवाल्यांच्या टोळीतला जॉनी, दुसऱ्यात नाइटक्लबच्या मालकासाठी काम करणारा लुईस, आणि दोघांच्याही वाटा मूळ गेमचा नायक निको याच्या वाटेला येऊन छेदतात. ज्यांनी ती खेळली आहेत त्यांना जीटीए ५ कडूनही तीच अपेक्षा होती, आणि सप्टेंबर २०१३ मध्ये गेम आल्यानंतर थोड्याच महिन्यांत रॉकस्टारनेही एकट्याने खेळायच्या कथेत २०१४ मध्ये भर घालण्याचा मानस जाहीर केला होता. ती भर कधीच आली नाही. कंपनीचे सगळे बळ जीटीए ऑनलाइनकडे, म्हणजे नेटवरून अनेकांनी मिळून खेळायच्या भागाकडे, वळले. तिथली डिसेंबर २०२० मधली कायो पेरिकोची दरोड्याची मोहीम असो किंवा डिसेंबर २०२१ मध्ये फ्रँकलिनला परत आणणारे ‘द काँट्रॅक्ट’ असो, ही मोठी अद्यतने गेम विकत घेतलेल्यांना फुकट मिळाली. कंपनी त्यात खेळातले चलन विकते, कथा विकत नाही. हा सगळा तपशील भाच्याने आणि मी मिळून नंतर शोधून काढला. त्याच्या वयाच्या मुलांनी हा गेम येताना पाहिलेलाच नाही, तेव्हा ती २०१३ मधली घोषणा आणि तिचे पुढे काय झाले हे त्यांना ठाऊक असण्याचे काही कारण नाही.

पैसे माझ्या खात्यातून द्यायचे असल्याने विक्रेत्याशी मीच बोललो. तो शुद्ध मराठीत, अत्यंत अदबीने लिहीत होता. बिल मागितले तर त्याने लगेच पीडीएफ पाठवली. तिच्यावर कंपनीचे बोधचिन्ह, एक लांबलचक बिल क्रमांक आणि जीएसटीचा वेगळा रकाना होता. यूपीआयवर मात्र एका बाईंचे वैयक्तिक नाव दिसत होते. त्याबद्दल विचारल्यावर “दादा, त्या आमच्या अकाउंट सेक्शनच्या मॅडम आहेत, ऑफिसच्या खात्याची लिमिट आज संपली आहे,” असे उत्तर आले. सायबर कक्षातील अधिकाऱ्यांनी नंतर सांगितले की अशी खाती बहुधा भाड्याने घेतलेली असतात. थोड्याशा पैशांच्या आमिषाने कोणी आपले खाते वापरू देते, आणि पैसा तिथून काही मिनिटांत पुढच्या खात्यांत पांगवला जातो.

पैसे पोचताच एका फाइलची लिंक आली, आणि तिच्यासोबत तीन सूचना होत्या: फाइल उघडण्यासाठी दिलेला पासवर्ड टाकावा, त्याआधी अँटिव्हायरस बंद करावा, आणि इन्स्टॉल करताना ब्राउझर सुरू ठेवावा, कारण ‘की ऑनलाइन तपासली जाते’. सूचनांप्रमाणे सगळे केले गेले. पडद्यावर एक पट्टी भरत गेली, ‘ॲक्टिव्हेशन एरर’ असा संदेश आला आणि खिडकी बंद झाली. विक्रेत्याला कळवले तेव्हा त्याने दीड हजार रुपयांची ‘परत मिळणारी’ ॲक्टिव्हेशन अनामत मागितली. ती द्यायला मी नकार दिला, त्यानंतर त्याने आम्हाला ब्लॉक केले आणि भाच्याला त्या ग्रुपमधूनही काढून टाकले.

८९९ रुपये गेले एवढेच असते तर मी हे लिहायला बसलोही नसतो. त्याच रात्री भाच्याच्या ईमेलवर रॉकस्टार खात्याचा ईमेल पत्ता बदलला गेल्याची सूचना आली, आणि सकाळी पत्नीला तिच्या एका जुन्या ग्राहक काकूंचा फोन आला, “अगं, तू मला पैसे गुंतवायला का सांगते आहेस?” पत्नी ज्या खात्यावर फराळाचे फोटो टाकते आणि ऑर्डरी घेते, त्या खात्यावरून तिच्या ग्राहकांना तिच्याच नावाने दामदुप्पट योजनेचे संदेश गेले होते. एका ग्राहकाने तिच्या शब्दावर विश्वास ठेवून पाच हजार रुपये पाठवलेही होते. अनेक वर्षे चकलीच्या भाजणीपासून डब्याच्या झाकणापर्यंत प्रत्येक गोष्टीत तिने जी पत जपली, तिचा कोणी अनोळखी माणूस अशा रीतीने वापर करतो याचा मला आजही संताप येतो.

माझ्या कार्यालयातल्या संगणक विभागातील एका सहकाऱ्याने ती फाइल वेगळ्या, नेटला न जोडलेल्या संगणकावर तपासली. त्याने जे समजावून सांगितले ते प्रत्येक घरात माहीत असायला हवे असे मला वाटते. फाइलला पासवर्ड लावलेला असतो तो आपल्या सुरक्षेसाठी नव्हे, तर ती साठवणाऱ्या सेवेला आणि अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून. आमची फाइल उतरवताना जेमतेम चाळीस एमबीची होती आणि उघडल्यावर सातशे एमबीच्या वर गेली, कारण तिच्या पोटात खऱ्या प्रोग्रामच्या मागे नुसती शून्ये भरलेली होती. शून्ये दाबली की जवळजवळ काहीच जागा घेत नाहीत, आणि उलगडली की फाइल इतकी फुगते की व्हायरस तपासणाऱ्या अनेक सेवा तिला आकारामुळेच नाकारतात. गेमच्या दृष्टीने पाहिले तर तोच आकार खोटेपणाचा पुरावा होता. २००८ च्या जीटीए ४ लाच संगणकावर सोळा जीबी मोकळी जागा लागत असे, तेव्हा ते संपूर्ण शहर सातशे एमबीत बसणे शक्य नाही.

त्या प्रोग्रामचे काम एकच होते. ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड आणि त्या क्षणी उघडी असलेली सगळी लॉगिन उचलून तो बाहेर पाठवत होता. आपण एखाद्या खात्यात लॉगिन केले की ते खाते आपल्याला पुन्हापुन्हा पासवर्ड विचारत नाही, कारण ब्राउझरकडे ओळख पटल्याची एक खूण ठेवलेली असते, जिला कुकी म्हणतात. ती चोरली की चोराला पासवर्डही लागत नाही आणि मोबाइलवर येणारा ओटीपीही लागत नाही, कारण त्या संकेतस्थळाच्या दृष्टीने तो आधीच आत आलेला असतो. ब्राउझर सुरू ठेवायला का सांगितले होते त्याचा उलगडा मला तेव्हा झाला. पत्नीच्या खात्याला दोन टप्प्यांची सुरक्षा लावलेली होती आणि तरीही ते गेले.

असा प्रसंग कोणावर आलाच, तर कामांचा क्रम फार महत्त्वाचा आहे. संगणकाचे नेट आधी तोडावे आणि त्या संगणकाला पुन्हा हात लावू नये. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून, आणि सगळ्यात आधी ईमेलचा, कारण बाकी प्रत्येक खात्याची किल्ली ईमेलमध्ये असते. त्याच संगणकावर बसून पासवर्ड बदलले तर नवे पासवर्डही चोराकडे जाण्याचा धोका राहतो. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, तर प्रत्येक खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन सर्व उपकरणांवरून बाहेर पडण्याचा पर्याय निवडावा लागतो, म्हणजे चोरलेली ओळखीची खूण निकामी होते. संगणकातून विंडोज पूर्ण पुसून नव्याने टाकावी. आम्ही हे सगळे केले, पण नेट तोडण्याआधीच एक रात्र उलटून गेली होती, आणि पत्नीचे खाते गेले ते त्याच रात्रीत.

तक्रारीसाठी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवरही ती नोंदवता येते. पैसे गेल्यापासून जितक्या लवकर फोन होईल तितकी ती रक्कम कोणत्या तरी खात्यात अडवून धरता येण्याची शक्यता जास्त असते, म्हणून रकमेच्या लहानपणाकडे पाहू नये. फोन करताना व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक, समोरचा यूपीआय आयडी, तारीख आणि वेळ हाताशी ठेवावी. संभाषणाचे स्क्रीनशॉट ब्लॉक होण्याआधी घेतलेले असले तर फार उपयोगी पडतात. भाच्याने ते घेतले होते आणि अधिकाऱ्यांनी सर्वांत आधी तेच मागितले. दुसऱ्याचा पासवर्ड वा ओळख वापरणे आणि संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणे हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी आणि ६६ डी खाली गुन्हे असून दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तक्रार लिहिताना पैशांची फसवणूक आणि खात्यांची चोरी या दोन्ही बाबी वेगवेगळ्या नमूद कराव्यात. नुसते ‘ऑनलाइन पैसे गेले’ असे लिहिले तर दुसरा गुन्हा कागदावर येतच नाही.

भाच्याचे रॉकस्टार खाते मूळ खरेदीच्या पावतीच्या आधारे परत मिळाले. पत्नीचे खाते मिळाले नाही. तिने नवे उघडले, ग्राहकांना एकेकाला फोन करून खुलासा केला, आणि ज्यांचे पाच हजार गेले त्यांच्या तक्रारीत आमच्या तक्रारीचा क्रमांक जोडायला लावला. त्या दोन्ही तक्रारींचा तपास अजून सुरू आहे.

तेच भाषेचे वळण, त्याच सूचना आणि त्याच धाटणीची पीडीएफ असलेली जाहिरात भाच्याच्या वर्गातल्या एका मुलाला अलीकडे दुसऱ्या नावाने आली. या वेळी ती जीटीए ६ च्या ‘पीसी अर्ली ॲक्सेस’ची, म्हणजे तो गेम संगणकावर इतरांच्या आधी खेळायला मिळण्याची, होती. रॉकस्टारने तो गेम १९ नोव्हेंबर २०२६ रोजी आणि तोही फक्त प्लेस्टेशन ५ व एक्सबॉक्स सिरीज या यंत्रांवर आणण्याचे जाहीर केलेले आहे. त्यात संगणकावरच्या आवृत्तीची घोषणाच नाही. भाच्याने ही माहिती त्या मुलाला वेळेत सांगितली आणि त्याने पैसे पाठवले नाहीत. त्या जाहिरातीतला यूपीआय आयडी आम्ही आमच्या तक्रारीला पुरवणी म्हणून जोडला आहे.