७७ नंबरची जर्सी: कापडाला चार स्टार, टीमला अर्धा

घेऊन दीड वर्ष झालं, चिक्कार वेळा घातली, धुतली, एकदा ड्रायरमध्ये पण जाऊन आली, त्यामुळे आता रिव्ह्यू लिहायला हरकत नाही. एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या डॅलस मॅव्हरिक्सची निळी जर्सी, मागे डॉन्चिच (लुका डॉन्चिच, तेव्हाचा आमचा स्टार) आणि त्याचा नंबर ७७. स्विंगमन टाईपची आहे, म्हणजे खेळाडू कोर्टवर घालतात ती नव्हे, ती खूप महाग पडते आणि अंगाला इतकी चिकटून बसते की ढेरीवाल्यांनी त्या वाटेला जाऊच नये. आणि नंबर नुसता छापलेला असतो ती अगदी स्वस्तवाली पण नव्हे. मधली. शंभराच्या वर डॉलर गेले, पण तेव्हा काही वाटलं नाही कारण ऑर्डर केली त्या रात्री मी शुद्धीवर नव्हतो. मे २०२४, मिनेसोटाविरुद्ध वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलची (म्हणजे लीगच्या सेमीफायनलची) दुसरी मॅच, शेवटचे तीनेक सेकंद राहिलेत, दोन पॉईंटनी मागे, आणि लुकाने त्यांच्या गोबेअरला समोर नाचवून मागे उडी मारत थ्री, म्हणजे लांबून तीन पॉईंटचा शॉट, टाकला. १०९-१०८. गोबेअर म्हणजे डिफेन्सचा अवॉर्ड चार-चारदा घेतलेला माणूस. त्यानंतर दहा मिनिटांत ऑर्डर.

कापडाबद्दल तक्रार नाही. जाळीदार पॉलिस्टर, हवा खेळती राहते, घाम पटकन सुकतो. साईझ नेहमीची घ्या, आत टीशर्ट किंवा हुडी घालणार असाल तर एक वरची घ्या. नंबर आणि नाव वेगळ्या कापडाचं, गरम करून चिकटवलेलं आहे, म्हणून ड्रायरमध्ये टाकायचं नाही, तसं लेबलवर स्पष्ट लिहिलेलं असतं आणि मी ते वाचलं नाही. त्याच्या नावात शेवटी दोन सी येतात आणि दोन्हींच्या डोक्यावर वेगवेगळ्या खुणा असतात, एकावर छोटा व्ही आणि दुसऱ्यावर नुसती तिरकी रेघ. ती रेघ ड्रायरमधून अर्धी उचलून बाहेर आली, अजून तशीच लटकतेय. दुकानवाल्यांना मेल केला तर त्यांनी लेबलचाच फोटो परत पाठवला. बरोबर आहे त्यांचं. एक स्टार कापलाय तो त्या रेघेसाठी, आणि चूक माझी असली तरी कापलाय.

खरा प्रॉब्लेम पुढे आहे. दुधाच्या पिशवीवर सुद्धा तारीख असते, जर्सीवर नसते.

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार, डॅलसमध्ये रात्रीचे अकरा वाजून गेलेले. फोनवर बातमी आली की लुका ट्रेडमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीत, लॉस एंजेलिस लेकर्सला गेला. पहिल्यांदा वाटलं रिपोर्टरचं अकाऊंट हॅक झालं, आणि असं वाटणारा मी एकटा नव्हतो. पंचवीस वर्षांचा पोरगा, सलग पाच वर्षं ऑल-एनबीए फर्स्ट टीममध्ये (म्हणजे लीगच्या सर्वोत्तम पाचांत), आठ महिन्यांपूर्वी टीमला फायनलला घेऊन गेलेला (बॉस्टनने ४-१ धुतलं, मान्य, पण पोचलो तर होतो). बदल्यात आलं काय, तर एकतिशी ओलांडलेला, दुखापतींसाठी प्रसिद्ध अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ चा एक फर्स्ट राऊंड पिक (नवे खेळाडू निवडायच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत एक निवडायचा हक्क). एक! त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कने मिकाल ब्रिजेससाठी पाच फर्स्ट राऊंड पिक मोजले होते, जो तोवर एकदाही ऑल-स्टार झाला नव्हता. घर विकायला काढलं की माणूस चार एजंटांना फोन करतो, बोली वाढू देतो. इथे शेजाऱ्याला हळूच गाठून तो देईल त्यात सौदा उरकलाय असं वाटतं.

तेव्हाचे जीएम, म्हणजे टीमचे जनरल मॅनेजर, निको हॅरिसन यांचं म्हणणं असं की डिफेन्सने चॅम्पियनशिप जिंकता येते. शिवाय लुकाचा फिटनेस, आणि त्या उन्हाळ्यात त्याला द्यायला लागला असता तो पाच वर्षांचा साधारण ३४५ मिलियन डॉलरचा सुपरमॅक्स (सगळ्यात मोठा करार), या दोन गोष्टी चर्चेत होत्याच. फिटनेसचं मी नाकारत नाही, डिफेन्समध्ये पाय ओढत परत येणारा लुका मी पण बघितलाय आणि टीव्हीसमोर शिव्याही घातल्यात. पण मग डिफेन्ससाठी जो आणला तो तरी किती खेळला? ८ फेब्रुवारीला ह्यूस्टनविरुद्ध डेव्हिसची पहिली मॅच, २६ पॉईंट, १६ रिबाऊंड, आम्ही म्हटलं चला बाबा कदाचित आपणच मूर्ख असू, आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये तो मांडी धरून आत गेला. मार्चमध्ये आमचा गार्ड कायरी अर्विंगचा एसीएल, म्हणजे गुडघ्यातला लिगामेंट, गेला. त्यात टीम हार्ड कॅपला, म्हणजे पगाराच्या पक्क्या मर्यादेला, इतकी टेकलेली की बाहेरून साधा एखादा खेळाडू साईन करायलाही जागा नाही, आणि लीगच्या नियमाने मॅचला किमान आठ जण लागतात तर ते आठ मोजताना नाकी नऊ यायला लागले. सीझन ३९-४३, म्हणजे ३९ जिंकल्या, ४३ हरल्या. प्ले-इनमध्ये (प्लेऑफच्या आधीची चाळणी) मेम्फिसकडून हरून घरी.

आणि हे एकदाच झालं असतं तर मी अपघात म्हटलं असतं. माझ्या कपाटात ७७ च्या शेजारी १३ टांगलेली आहे, जेलन ब्रन्सनची. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या राऊंडला ३३ व्या नंबरवर मिळालेला माणूस, २०२२ च्या प्लेऑफमध्ये लुका जखमी असताना युटाविरुद्ध एकट्याने ४१ मारले, आणि त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कला गेला, चार वर्षांचे १०४ मिलियन. बदल्यात आपल्याला शून्य, ट्रेडसुद्धा नाही, नुसता टाटा. तो आता तिथला कॅप्टन आहे. गंमत म्हणजे स्टीव्ह नॅश डॅलसमध्ये असताना त्याचाही नंबर १३ च, तोही २००४ मध्ये असाच फ्री एजंट (करार संपलेला मोकळा खेळाडू) म्हणून फिनिक्सला गेला आणि तिथे जाऊन लागोपाठ दोन एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचे अवॉर्ड, घेतले. म्हणजे या टीमला चांगला पॉईंट गार्ड (बॉल पुढे आणून खेळ रचणारा) हातात आला की हाताला खाज सुटते. (१३ ची क्वालिटी विचाराल तर अजून नवीकोरी, घालायला मिळालीच कुठे.)

९ एप्रिल २०२५ ला लुका लेकर्सच्या जर्सीत परत आला त्या मॅचला मी ही जर्सी घालून गेलो होतो. व्हिक्टरी स्टेशनला ट्रेनमधून उतरलो तर पुढे-मागे सगळे ७७ च ७७, कोणाचा निळा, कोणाचा पांढरा, काहींचा पिवळा, आणि कोणी कोणाशी फारसं बोलत नव्हतं. आत गेलो तर सीटवर टीशर्ट ठेवलेले, स्लोव्हेनियन भाषेत ‘सगळ्यासाठी आभार’ लिहिलेले. टीमकडून फुकट. म्हणजे ज्याला तुम्हीच हाकललंत त्याच्या निरोपाचा टीशर्ट तुम्हीच वाटताय, आणि मी खाली जी घालून बसलोय तिचे पैसे मी भरलेत. मी टीशर्ट मांडीवर ठेवला, घातला नाही. मॅचच्या आधी त्याच्यावरचा व्हिडिओ लागला आणि बेंचवर बसून तो टॉवेलने डोळे पुसत होता, शेजारचे काका सुद्धा पुसत होते. मग त्याने ४५ मारले. आपल्याच टीमविरुद्ध बास्केट पडल्यावर अख्खं स्टेडियम ओरडतंय आणि मधूनमधून ‘फायर निको’. असली मॅच परत बघायची नाही मला.

मग मे महिन्यात १.८ टक्के चान्स असताना ड्राफ्ट लॉटरी (कोणी आधी निवडायचं याची सोडत) लागली, पहिला पिक, कूपर फ्लॅग नावाचा पोरगा. वर टीमला दिलेला अर्धा स्टार तो हाच, आणि त्यातही मॅनेजमेंटचं कर्तृत्व काय, पिंगपाँगचे बॉल वर आले. आलेल्या पोराचं तरी नीट करायचं ना! कायरी बाहेर हे मार्चपासून माहीत होतं, तरी सीझन सुरू झाला तेव्हा बॉल पुढे आणायला धड माणूस नाही म्हणून अठरा वर्षांच्या फॉरवर्डला पॉईंट गार्ड खेळवला. उंच माणसांची मात्र रांग, डेव्हिस, लाईव्हली, गॅफर्ड, वॉशिंग्टन, सगळे रिंगखाली गर्दी करून उभे आणि त्यांना पास देणारा कोणी नाही. किराणा भरताना पाच किलो मीठ आणलं आणि तांदूळ विसरले. ३-८ अशी सुरुवात झाली आणि ११ नोव्हेंबरला हॅरिसनना काढलं. पेढे वाटायची इच्छा झाली होती, पण त्याने लुका परत येत नाही आणि माझी जर्सीही परत चालू होत नाही.

तर घ्यायची का? प्रॉडक्ट म्हणून घ्या, बिनधास्त घ्या. उलटी करून थंड पाण्यात धुवा, दोरीवर वाळवा, इस्त्री नको. पण डॅलसची घेणार असाल आणि टिकाऊ पाहिजे असेल तर ४१ घ्या, डर्क नोवित्स्की, एकवीस सीझन एकाच टीममध्ये, २०११ ची ट्रॉफी, रिटायर झालाय, आता त्याला कोणी ट्रेड करू शकत नाही. स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे, खाली निष्ठा कधी फिकी पडत नाही अशा अर्थाचं इंग्रजीत कोरलंय, आणि लुकाच्या ट्रेडनंतर लोक त्याच पुतळ्यापाशी शवपेटी घेऊन जमले होते. निष्ठेचं जाऊ दे, जर्सीचा निळा रंग मात्र खरंच फिका पडलेला नाही, इतक्या धुण्यांनंतर सुद्धा.

आता भाचा मागे लागलाय, मामा मला फ्लॅगची ३२ घे. म्हटलं फेब्रुवारीची ट्रेड डेडलाईन जाऊ दे, मग बघू. तर म्हणतो, “मामा, फ्लॅगला कोण विकणार?” दहा वर्षांच्या पोराला काय सांगणार, मी नुसतं कपाट उघडून दाखवलं. तो दोन्ही हँगर बघून म्हणाला, “मग मला तुझी ७७ च दे.” ती नाही देणार. तेव्हा ३२ घ्यावीच लागेल असं दिसतंय, फक्त एवढं कोणी सांगा की दहा वर्षांच्या मुलाला किड्स मिडियम बसते की लार्ज, कारण दुकानाच्या साईझ चार्टवर माझा विश्वास नाही आणि पोरगा जरा उंच आहे.