डॅन कॅम्पबेल की डेमिको रायन्स: कोणाची टीम धरायची?

एनएफएलचे (अमेरिकन फुटबॉलची लीग) नियम कळायला लागलेत, आता एक टीम धरायचीय आणि कोच स्वतः खेळलेला हवा, असं असेल तर माझ्या मते कॅम्पबेलची लायन्स नाहीतर रायन्सची टेक्सन्स. मी पुण्यात बसून दोन्ही बघितल्यात, त्यामुळे हे सगळं जागरणाच्या हिशोबाने लिहितोय.

कॅम्पबेल टाइट एंड होता, म्हणजे निम्मा वेळ दुसऱ्यासाठी धक्के खायचे. २००८ला लायन्स सोळाच्या सोळा मॅच हरले त्या टीममध्येही तो होता (दुखापतीमुळे खेळला फारसा नाही). २०२१ला तिथेच हेड कोच म्हणून आला आणि पहिल्याच प्रेसमध्ये म्हणाला, आम्हाला पाडलंत तर उठताना तुमच्या गुडघ्याची वाटी चावून काढू. माणूस आवडतोच हो! पहिल्या सीझनला ३ जिंकल्या, २०२४ला १५.

पण त्याचा फोर्थ डाउन (पुढे सरकायची चौथी आणि शेवटची संधी, इथे बरेच जण किक मारतात, हा खेळत राहतो). २९ जानेवारी २०२४, सोमवार, पहाटे पाचला उठून बसलो, नाइनर्सविरुद्ध हाफटाइमला २४-७, मी खुशीत चहा टाकला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये २४-१०, फोर्थ अँड टू (शेवटची संधी, अजून दोन यार्ड हवेत), बॉल २८ यार्डांवर, किक मारा आणि तीन पॉइंट घ्या ना! नाही. पास, आपल्या रेनल्ड्सच्या हातातून सुटला. लगेच पुढे नाइनर्सच्या पर्डीचा लांब पास आपल्याच डिफेंडरच्या हेल्मेटवर आपटून उडाला आणि त्यांच्याच आयुकने पकडला. मग शेवटच्या क्वार्टरला तीनने मागे असताना परत तेच, परत फेल. हरलो कितीने, तर तीनच पॉइंटने, ३४-३१. चहा गार, ऑफिसची बस चुकली, बायको म्हणाली कोण गेलं का.

आकडेमोडवाले म्हणतात त्याचा निर्णय बरोबरच होता, असेलही, पण आपल्याला बीपी आहे.

रायन्स लाइनबॅकर, म्हणजे डिफेन्सच्या मधल्या फळीतला. २००६ला टेक्सन्सनेच ड्राफ्ट केला (कॉलेजमधून निवडला), त्याच वर्षी डिफेन्सिव्ह रूकी ऑफ द इयर (डिफेन्समधला सर्वोत्तम नवखा), आणि २०२३ला त्याच टीमचा हेड कोच. आधीच्या दोन वर्षांत दोन कोच येऊन गेलेले, ह्याने आल्या आल्या १०-७ करून डिव्हिजन जिंकली आणि प्लेऑफमध्ये ब्राउन्सना ४५-१४. साइडलाइनवर हसताना दिसतो, आरडाओरडा कमी. डिफेन्स बघताना कळतं की हे शिकवणारा तिथे उभा राहून मार खाल्लेला आहे. ऑफेन्स मात्र कधीकधी झोप आणतो, आणि २०२४ला क्वार्टरबॅक (पास टाकणारा) स्ट्राउडला इतकं पाडलं की बघवत नव्हतं, हे मान्य. पण अडलं की बरेचदा किकर फेअरबर्न येतो, तीन पॉइंट घेतो आणि मी माझा चहा पितो.

तरुण असाल, झोपेचं काही नसेल तर लायन्स घ्या, मजा तिकडे जास्त आहे, खोटं कशाला बोलू. मी टेक्सन्सकडे गेलो. थँक्सगिव्हिंगची लायन्सची मॅच गुरुवारी रात्री अकराच्या सुमारास असते, ती अजूनही लावतो, फक्त फोर्थ डाउन आला की पाणी प्यायला उठतो.