ग्रॅनी स्मिथ: दिवाळी ते एप्रिल, आमच्या घरचा अनुभव

दिवाळीत गोकुळपेठ मार्केटमधून पहिल्यांदा ग्रॅनी स्मिथ, म्हणजे हिरवं सफरचंद आणलं ते बाबांच्या शुगरपायी. फळवाले भाऊ म्हणाले, "ताई, हिरवं न्या, यात साखरच नसते." पहिली फोड तोंडात टाकून बाबांनी डोळे गच्च मिटले. "कैरी दिली ती दिली, मीठ तरी लावायचं!"

साखरेचं आधी सांगते, कारण बहुतेक जण त्यासाठीच घेतात. साखर असते. १०० ग्रॅममागे साडेनऊ ग्रॅमच्या आसपास, फुजी या गोड लाल जातीत साडेअकराच्या. आंबट लागतं ते मॅलिक ॲसिडमुळे. लाल सफरचंदापेक्षा किलोमागे शंभरेक रुपये जास्त मोजावेत एवढा काही हा फरक नाही.

उरलेल्या फळांचं काय करायचं? सासूबाईंनी तक्कू केला. डिसेंबरात कैरी कुठून आणणार! लाल सफरचंदाचा कीस बघता बघता तांबूस पडतो, हा ताटं वाढून होईस्तोवर पांढराच होता. कांदा, गूळ, तिखट, वरून मेथी-हिंगाची फोडणी. पाणी मात्र फार सुटतं, म्हणून मीठ जेवायला बसतानाच घालायचं. कैरीचा वास येत नाही, पण भाकरीबरोबर वाटीभर संपला. मेथांबा फसला. शिजल्यावर आंबटपणा उतरला, नुसता गूळ लागत होता.

नावाचं कळल्यावर सासूबाईंना हे फळ जरा जवळचं वाटू लागलं. ग्रॅनी म्हणजे आजी, आणि ही आजी खरोखरीची. मारिया ॲन स्मिथ, जन्म १७९९, इंग्लंडातल्या ससेक्सची. पुढे सिडनीजवळ ईस्टवुडला तिची फळबाग होती. तिने फेकलेल्या सफरचंदांच्या बियांतून एक रोप आपसूक उगवलं, असं सांगतात. १८६८ मध्ये तिने ते बागाईतदारांना दाखवलं, १८७० मध्ये ती गेली. सफरचंदाची बी लावून तेच फळ मिळत नाही, कलमच करावं लागतं. म्हणजे आज जगभर विकलं जाणारं प्रत्येक ग्रॅनी स्मिथ त्या एका रोपाचंच. "आपल्या उकिरड्यावर पपई येते तसंच की," सासूबाई म्हणाल्या. १८९१ च्या, सिडनीजवळच्याच कॅसल हिलच्या शेती प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं तेही स्वयंपाकाच्या सफरचंदांत. आम्ही उगाच कापून खायला बसलो होतो!

फ्रिजमध्ये पाच आठवडे एक डझन कडक राहिली, यात तक्रार नाही. मार्चमध्ये मात्र एका दुकानातून पिवळट पडलेली आणली. आत पिठूळ, साल मेणचट. हिरवाई जराही उतरलेली दिसली तर घेऊ नका, आणि आपल्या उन्हात टेबलावर तर ठेवूच नका.

आता बाजारात कैरी आली आहे. शेवटची दोन फ्रिजमध्ये आहेत, ती संपली की जूननंतरच आणू. बाबा परवा फोडीवर तिखट-मीठ भुरभुरून खात होते, मी पाहिलं.