आवाज नुसता मोठा झाला होता

रेकॉर्ड केलेलं गाणं साफ करून देतो म्हणून ज्याने मला फसवलं त्याला ते काम येत नव्हतं असं नाही. चांगलंच येत होतं, आणि मी फसले ती त्यामुळेच.

घरी बसून 8 गाणी रेकॉर्ड केली होती. माईक बरा होता, माईक कॉम्प्युटरला जोडणारा ऑडिओ इंटरफेस साधाच, खोली मात्र मोकळी. समोर उघडी भिंत, बाजूला काचेची खिडकी. त्यामुळे आवाज डब्यात तोंड घालून गायल्यासारखा यायचा. 'स' आणि 'श' कानाला टोचायचे, 'प' आणि 'भ' आले की माईकवर फुंकर आदळायची. महिनाभर मी ईक्यूशी (आवाजातला खर्ज-टीप कमीजास्त करायच्या साधनाशी) झटापट केली. रात्री वाटायचं जमलं, सकाळी ऐकलं की पुन्हा डबा. शेवटी म्हटलं, ज्याला हे काम येतं त्याला देऊन टाकू.

फ्रीलान्स कामं देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या एका साइटवर हा सापडला. त्याच्या पानावर 'आधी' आणि 'नंतर' असे नमुने होते. 'आधी' दाबलं की कुठून तरी लांबून येणारा फिकट आवाज, 'नंतर' दाबलं की गायक जणू समोर येऊन उभा. हेडफोन लावून तीनदा ऐकलं आणि मी पाघळले. वर 'खोलीचा आवाज 100 टक्के काढून देतो' असं लिहिलेलं. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. खोलीची घुमण गाताना आवाजात मिसळूनच रेकॉर्ड होते. सॉफ्टवेअरने ती कमी करता येते, पण जास्त ओढाताण केली तर आवाजाचं मांसही खरवडून निघतं. ही घुमण पूर्ण काढून देईन असं काम जाणणारा माणूस सहसा म्हणत नाही.

त्याने एक गाणं नमुना म्हणून फुकट करून दिलं. अप्रतिम! 41व्या सेकंदाला माझी खुर्ची करकरली होती, ती करकर गायब. श्वास कापून टाकले नव्हते, हलके केले होते. शेवटच्या कडव्यात माझा आवाज खाली पडतो, तिथे त्याने शब्दागणिक लेव्हल उचललेली. लगेच मेसेज आला: 'मॅडम, उरलेली 7 एकदमच करू. साइट कमिशन कापते, पैसे थेट मला पाठवलेत तर तुम्हालाच स्वस्त पडेल. सगळे आधी दिलेत तर 4 दिवसांत देतो.' पाठवले! साइटमार्फत दिले असते तर काम हाती पडेपर्यंत पैसे साइटकडेच अडकून राहिले असते. माझं कमिशन वाचवण्यासाठी त्याचा जीव एवढा का तुटतोय, हा प्रश्न मला पडलाच नाही.

चौथ्या दिवशी बरोबर 7 फाइल आल्या. लावल्या, आणि खूश झाले. आवाज भरदार, खणखणीत. मी त्याला आभाराचा लांबलचक मेसेज लिहिला. तो अजून फोनमध्ये आहे, वाचवत नाही.

माझी एक मैत्रीण गाते आणि घरीच रेकॉर्डही करते. तिला ऐकवलं तर ती म्हणाली, "अगं, ही मोठी झालीय. चांगली कुठे झालीय?" मला राग आला. मग तिने त्याची फाइल खाली आणून माझ्या मूळ फाइलइतकीच मोठी ठेवली, मला पाठ फिरवून बसवलं आणि आळीपाळीने वाजवायला लागली. कोणती कुठली, सांग. सहा वेळा विचारलं आणि तीन वेळा चुकले. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं.

आपल्या कानाची ही खोड जुनी आहे. 1933 साली फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी मोजून दाखवलं होतं की आवाज हळू असताना खर्जाचे सूर कानाला फारच कमी ऐकू येतात आणि आवाज वाढवला की ते भराभर वर येतात. म्हणून तीच फाइल नुसती मोठी केली तरी भरदार वाटते. फरक थोडासा असेल तर 'मोठं झालं' असंही वाटत नाही, 'स्वच्छ झालं' असं वाटतं. त्याच्या पानावरचे सगळे 'आधी-नंतर' याच खोडीवर उभे होते.

मग आम्ही खरी चाचणी केली. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात माझी मूळ फाइल आणि त्याची फाइल एकाखाली एक घेतल्या आणि पार झूम करून दोन्हींची सुरुवात तंतोतंत जुळवली. त्यातलं आवाज वाढवायचं ॲम्प्लिफाय उघडलं की फाइल शून्य डेसिबलपर्यंत, म्हणजे तिच्यात मावेल त्या कमाल पातळीपर्यंत, अजून किती वाढवता येईल तो आकडा आपोआप येतो. माझ्या फाइलला 10 आला, त्याच्या फाइलला 1. त्याची 9 डेसिबलने खाली आणली. आता माझी निवडली, इन्व्हर्ट दाबलं, म्हणजे लाटेचा वरचा भाग खाली आणि खालचा वर. दोन्ही एकत्र वाजवल्या की जे दोन्हींत सारखं आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं आणि ऐकू येतो फक्त फरक, म्हणजेच त्याने केलेलं काम.

प्ले दाबलं. काहीच नाही. मैत्रिणीने स्पीकर पूर्ण वाढवला, तरी काही नाही. मीटरची पट्टी जागची हलेना. 4 मिनिटांचं गाणं आम्ही दोघी शांतता ऐकत बसलो.

अशी तीन गाणी निघाली. उरलेल्या चारांत पातळी कानाने थोडी थोडी जुळवत नेली तेव्हा माझा आवाज बुडत गेला आणि मागे फक्त एक घुमणारी शेपटी उरली. शब्द नाहीत, नुसती सावली. म्हणजे एकच रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमण, चारही गाण्यांवर ओतला होता. (आधीच घुमणाऱ्या आवाजावर आणखी रिव्हर्ब! डब्यात डबा.) ही चाचणी करायची तर त्याच रेकॉर्डिंगची तुमची मूळ वॅव्ह फाइल जपून ठेवलेली लागते. समोरच्याने खरंच ईक्यू आणि कॉम्प्रेसर (मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणारं साधन) लावला असेल तर अशी पूर्ण शांतता येतच नाही, बरंच काही शिल्लक राहतं.

त्याला विचारलं. आधी म्हणाला, तुमचे स्पीकर हलके आहेत. मग म्हणाला, मूळ रेकॉर्डिंगच खराब होतं, 'रिपेअर'चे वेगळे पैसे पडतील. आम्ही चाचणीचा स्क्रीनशॉट पाठवला, त्यानंतर ब्लॉक. साइटने कळवलं की व्यवहार बाहेर झाला असल्यामुळे काही करता येणार नाही. त्यांचं बरोबरच होतं, नियमात तसं लिहिलेलं होतं.

एक गोष्ट मागाहून लक्षात आली. त्याने मला कामाचं काहीच विचारलं नव्हतं. नंतर ज्यांच्याकडे दोन गाणी दिली त्यांच्या प्रश्नांनी मी हैराण झाले: माईक कोणता, तोंडापासून किती लांब, रेकॉर्डिंग 24 बिट आहे का, गाणं आणि साथ वेगवेगळ्या फाइलमध्ये पाठवा, कुठलाही इफेक्ट लावू नका, कोणत्या गाण्यासारखा आवाज हवाय. एका ओळीत लेव्हल शून्याला धडकून लाटेचे शेंडे सपाट झाले होते. ते म्हणाले, ही ओळ पुन्हा गाऊन पाठवा, तिच्यावर मी वेळ घालवणार नाही. निम्मे पैसे त्यांनी मी काम ऐकल्यावरच घेतले.

बाकीची गाणी मी पुन्हा गायले. मागे दोन जाड गोधड्या टांगल्या, खिडकीवर एक. माईक समोर न धरता जरा तिरपा, वीतभर लांब, मध्ये फुंकर अडवणारा पॉप फिल्टर. लेव्हल अशी ठेवली की सर्वांत मोठा सूरही -8 डेसिबलच्या वर जाऊ नये. डबा बराचसा गेला.

फुकटात करून दिलेलं ते पहिलं गाणं मात्र मी बदललं नाही. त्याच्यावरही इन्व्हर्ट लावून पाहिलं होतं. भरपूर काही उरलं, आणि 41व्या सेकंदाला माझी करकरणारी खुर्ची अगदी एकटी, स्वच्छ ऐकू आली.