यमनची ‘फ्रिक्वेन्सी’ ४३२ : आमचे १,३५,००० रुपये असे गेले

चार महिने हे लिहायचं टाळत होते, नातेवाईक वाचतील म्हणून. वाचू देत. परवा आम्हाला फसवणाऱ्या त्याच माणसाची जाहिरात दुसऱ्या नावाने, दुसऱ्या उपनगरात लागलेली पाहिली. ‘स्वमग्न मुलांसाठी राग-ध्वनी उपचार, ९० दिवसांत बोलणं सुरू.’ फोटोसुद्धा बदललेला नाही. तेव्हा मात्र राहवेना.

माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. तिसऱ्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. शब्द मोजून चार, पण गुणगुणतो अगदी सुरात. सकाळी खाली घंटागाडीचं गाणं सुरू झालं की हा खिडकीपाशी जातो आणि गाडी निघून गेल्यावरही अर्धा तास तेच गाणं, त्याच पट्टीत म्हणत राहतो. अशा मुलाच्या आईला कुणी ‘हा संगीतातून बोलेल’ म्हटलं तर ती ऐकणारच. आम्ही हातावर हात ठेवून चमत्काराची वाट बघत नव्हतो. स्पीच थेरपी दोन वर्षं चालू होती, ऑक्युपेशनल थेरपी चालू होती. दोन्हींचा फायदा होता, पण सावकाश. त्या सावकाशीनेच माणूस थकतो.

पैसे असे गेले. पहिली तपासणी ४,५००. ‘ब्रेन मॅप’ म्हणून रंगीत कागद दिला, त्याचे ८,०००. हेडफोन आणि छोटं यंत्र ३८,५००, रोख, पावती ‘नंतर देतो’. हे पैसे सासूबाईंनी स्वतःची एफडी मोडून दिले. शिवाय ६० सेशन्सचं पॅकेज ८४,०००, दरमहा ७,००० प्रमाणे १२ हप्ते, बिनव्याजी. हप्ते ह्यांच्या नावावर. बिनव्याजी कर्ज म्हणजे काय हे तेव्हा कळलं असतं तर! फायनान्स कंपनी सगळी रक्कम सेंटरला आधीच देऊन मोकळी होते. सेंटर उद्या बंद पडलं तरी कर्ज तुमचंच. पॅकेज हप्त्यांवर घेऊ नका, कुणीही, कितीही गोड बोललं तरी.

आता मी कुठे चुकले ते सांगते, कारण रात्री झोप येत नाही ती याच एका क्षणामुळे. पहिल्या भेटीत त्या माणसाने भिंतीवरचा तक्ता दाखवला. यमन ४३२ हर्ट्झ, भैरव ५२८ हर्ट्झ, असं प्रत्येक रागापुढे आकडा. मी नऊ वर्षं गाणं शिकले आहे. माझा सा पेटीच्या काळी चार पट्टीचा, गुरुजींचा काळी एकचा. आम्ही दोघांनीही यमनच गायला आणि तो यमनच होता. सा कुठेही धरा, सगळे सूर त्या सा-वरून ठरतात. रागाला ठरलेली फ्रिक्वेन्सी नसते, हे तंबोरा जुळवायला शिकलेल्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. माझ्या तोंडावर आलं होतं, ‘सर, सा कोणता धरलाय?’ तेवढ्यात तो म्हणाला, “ताई, तुम्ही स्वतः गाता, तुम्हाला मी काय सांगायचं?” आणि मी गप्प बसले. कौतुकाने गप्प बसले. तो एक प्रश्न विचारला असता तर सव्वा लाखाच्या वर वाचले असते आणि माझ्या मुलाच्या हातावरचे ते दातांचे व्रण उठले नसते.

कारण आत काय चाललं होतं ते आम्हाला दिसतच नव्हतं. आईवडिलांनी बाहेर बसायचं, ‘मूल विचलित होतं’ म्हणून. मिक्सर लावला तरी कान झाकणारं हे पोर, त्याच्या कानावर ४० मिनिटं हेडफोन. अकराव्या सेशननंतर बाहेर आला तेव्हा डाव्या मनगटाच्या वर दातांची अर्धगोल खूण, खोल, जांभळी. मी विचारलं तर उत्तर मिळालं, “आतलं साचलेलं बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे.” दाराआड चालणारा कुठलाही उपचार मुलाला देऊ नका. आत बसू देत नसतील तर तिथूनच परत फिरा.

भिंतीवर ‘नऊ देशांत सिद्ध’ असंही लिहिलेलं होतं. ते संशोधन मी फसल्यावर शोधून वाचलं. आधी वाचायला हवं होतं, पण नोकरी, घर आणि असं मूल सांभाळणाऱ्या बाईला वेळ कुठून मिळणार? २०१७ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास आहे. नऊ देश खरे, मुलं ३६४, वय ४ ते ७. पाच महिन्यांनंतर निष्कर्ष असा की संगीतोपचार मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांच्या सामाजिक लक्षणांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. म्हणजे विकायला वापरलेला कागदच त्याच्याविरुद्ध बोलत होता! शिवाय त्या अभ्यासात हेडफोन नव्हतेच. प्रशिक्षित थेरपिस्ट मुलासमोर बसून, मूल जे वाजवेल, गुणगुणेल त्याला वाद्याने साथ देत होता.

संगीतोपचार सगळा खोटा आहे, असं मी म्हणत नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात २६ अभ्यास आणि ११६५ जण आहेत. एकूण सुधारणा आणि जीवनमान यांत बहुधा फायदा होतो, पण बोलण्यात फरक पडल्याचा स्पष्ट पुरावा नाही, असं तो सांगतो. खरा थेरपिस्ट ‘तो पाळीपाळीने ढोलकी वाजवायला शिकेल’ असलं छोटं उद्दिष्ट ठेवतो. ‘९० दिवसांत बोलेल’ हे वाक्य ऐकलं की उठा.

एकोणिसाव्या सेशनला गेलो तो शेवटचा. विसाव्याला शटर बंद, फोन बंद. ४१ सेशन्सचे ५७,४०० रुपये हवेत.

आणि मग सुरू झाला सरकारी प्रदक्षिणेचा प्रकार. चौकीत सांगितलं, “मॅडम, १९ वेळा सेवा मिळाली ना? मग फसवणूक कसली? हे दिवाणी आहे.” मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ वाचून गेले होते. सुरुवातीपासूनच खोटं सांगून पैसे काढले, असं मी म्हणत होते. साहेब मोबाइलवर. तीन चकरा, तीन वेगळे हवालदार, प्रत्येकाला पहिल्यापासून गोष्ट. आरोग्य खात्यात गेले तर ‘ते हॉस्पिटल नाही, आमच्याकडे येत नाही.’ डॉक्टरांच्या नोंदणीचं विचारलं तर ‘तो डॉक्टर नाही, आम्ही काय करणार?’ अहो, डॉक्टर नसताना उपचार विकतो हीच तर तक्रार आहे! दिव्यांगांसाठीच्या एका कार्यालयात अर्ज घेतला, पोच द्यायला नकार दिला, कारण शिक्का ज्यांच्याकडे त्या बाई रजेवर. मूल कडेवर घेऊन मी तिथे दोन तास उभी होते. रांगेतल्या कुणीतरी त्याला ‘गप्प कर’ म्हटलं. अपंगत्वाचा कायदा २०१६ चा आहे, त्यात ऑटिझम आहे, भिंतीवर त्याचं पोस्टरही होतं.

पळवाट इथेच आहे. स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असते, नंबर मागता येतो, तपासता येतो. संगीतोपचारक हा वर्ग त्या यादीत नाही. म्हणून कुणीही बोर्ड लावतो. बाकीच्यांचा नंबर पहिल्याच दिवशी मागा, आणि संगीतवाल्याला शिक्षण कुठे, किती वर्षं, कुणाच्या देखरेखीखाली, हे विचारा.

शेवटी ग्राहक आयोगात तक्रार टाकली, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं. हप्ता मात्र दर ५ तारखेला जातोच, थांबवला तर ह्यांचा सिबिल बिघडेल.

भावाने ते ३८,५०० चं यंत्र उघडलं. आत साधा एमपी थ्री प्लेअर, मेमरी कार्डावर १४ फाइली. मी तंबोऱ्याचं ॲप लावून एकेक ऐकली. ‘यमन ४३२’ नावाच्या दोन फाइली आहेत. एकीचा सा काळी दोन, दुसरीचा पांढरी चार. हे लेखी टिपण मी आयोगाकडे पुरावा म्हणून जोडलंय. तुमच्याकडे तसलं यंत्र असेल तर रागाच्या भरात फेकू नका. कार्ड, खोकं, हप्त्यांच्या कराराची प्रत, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, सगळं ठेवा. आतापर्यंत आम्ही सात पालक जमलो आहोत, आणि सातही जणांच्या कार्डांवर त्याच १४ फाइली आहेत.