पंधरा आकडे जुळवायचे राहिले

एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी केली, बहुतेक सगळी नागपूरच्या गणेशपेठ डेपोत. तिकिटाचं मशीन यायच्या आधी आमच्याकडे तिकिटांचे ब्लॉक असायचे. ड्युटी लागली की प्रत्येक ब्लॉकचा सुरुवातीचा नंबर वे-बिलावर, म्हणजे हिशेबाच्या कागदावर, चढवायचा, ड्युटी संपली की शेवटचा. दोन्ही नंबरांतला फरक आणि बॅगेतली रक्कम जुळली की मगच घरी जायचं. नाही जुळली तर भरपाई आपल्या खिशातून. नंबर जुळवणं हेच माझं काम होतं. आणि अकरा हजार आठशे रुपये रोख मोजून फोन घेतला त्या दिवशी मी नंबर जुळवला नाही. त्याची झालेली किंमत सांगायला हे लिहितो आहे, कारण गेल्या महिनाभरात आमच्या पेन्शनर मंडळींपैकी दोघांनी विचारलं, "साधा फोन सोडून मोठा घ्यायचा आहे, बर्डीच्या बाजारात कुठं जाऊ?"

माझा बटणांचा फोन २०१२चा. एकदा चार्ज केला की तीन-चार दिवस पाहायचं काम नाही. मला त्याचा काहीच त्रास नव्हता. त्रास होता हयातीच्या दाखल्याचा. ईपीएस-९५ची, म्हणजे पीएफच्या योजनेतली, तुटपुंजी पेन्शन आहे, तिच्यासाठी दरवर्षी जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. आयुष्यभर नोटा आणि नाणी मोजून माझ्या बोटांचे ठसे पार घासले गेले आहेत. मशीनवर अंगठा ठेवा, पुसा, पुन्हा ठेवा, दुसरं बोट ठेवा, असं अर्धा अर्धा तास चालायचं. मग कळलं की २०२२पासून ईपीएफओनं, म्हणजे पीएफच्या कार्यालयानं, चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय केली आहे, तीही घरबसल्या. फक्त स्मार्टफोन हवा. शिवाय पुण्याला असलेली मुलगी दोन वर्षांपासून म्हणून राहिली होती, "बाबा, नातवाचं तोंड तर पाहा."

डिसेंबरचा महिना होता. हिवाळी अधिवेशन चालू, मोर्च्यांमुळे झिरो माइलकडची वाहतूक वळवलेली. मानेवाड्याहून 'आपली बस' या शहर बसनं निघालो, बरंच अलीकडे उतरून चालत गेलो, आधी टेकडी गणपतीचं दर्शन घेतलं आणि मग बर्डीवर आलो. मेन रोडवरच्या दोन मोठ्या दुकानांत भाव विचारला. तिथं साडेतेरा हजार सांगितले. मग आतल्या गल्लीतल्या एका दुकानात शिरलो. दुकानाचं नाव लिहीत नाही. फोनच्या कंपनीचंही लिहीत नाही, तिचा यात काही दोष नाही.

मुलगा पंचविशीतला, बोलायला गोड. "काका, हा घ्या न. बारा जीबी रॅम, सील पॅक पीस. तुम्हाले अकरा-आठशेत देऊन टाकतो."

मी म्हटलं, "बिल?"

"पक्कं बिल पाहिजे तर अठरा टक्के जीएसटी वरून लागते, काका. कायले उगाच दोन हजार घालवता? वॉरंटी तर कंपनीची आहे न. फोनच्या नंबरावर राहते ती, बिलाचं काही काम नाही."

यातली प्रत्येक गोष्ट पुढं खोटी किंवा अर्धी खरी निघाली. रॅम म्हणजे फोनची काम करतानाची मेमरी. बारा जीबी रॅममध्ये खरी रॅम सहाच होती. उरलेली सहा म्हणजे फोनच्या साठवणुकीतली जागा रॅमसारखी वापरायची सोय, तिला खऱ्या रॅमचा वेग येत नाही. जीएसटी मोबाइलवर १८ टक्के आहे हे खरं, २०२०च्या एप्रिलपासून तेवढाच आहे. पण बॉक्सवर छापलेल्या एमआरपीत सगळे कर आधीच धरलेले असतात. एमआरपीच्या वर कर मागायचा दुकानदाराला अधिकारच नाही. इतकी वर्षं तेलाची पिशवी, साबण, बिस्किटाचा पुडा घेतला, कधी वरून कर दिला नाही. फोनच्या वेळी मात्र ही साधी गोष्ट डोक्यात आली नाही, कारण फोनची दुनिया आपल्याला समजत नाही ही भीती मनात बसली होती. त्या भीतीवरच त्या मुलाचं दुकान चालत होतं.

सील त्यानं माझ्यासमोर कापलं. बॉक्स खरोखर कोरा होता, वरचं प्लास्टिक करकरीत. आतून फोन काढून माझ्या हातात दिला, समोरची पातळ पन्नीसुद्धा तशीच चिकटलेली. मी तो उलटापालटा करून पाहिला आणि माझं समाधान झालं. मग तो म्हणाला, "द्या काका, आतून स्क्रीन गार्ड लावून आणतो, कव्हर घालतो, सेटिंग करून देतो. तोवर चहा घ्या." फोन पडद्यामागं गेला. चहा आला. पंधरा-वीस मिनिटांनी फोन परत आला तेव्हा त्याला गार्ड लागलेला होता, जाड काळं कव्हर चढवलेलं होतं, तो सुरू झालेला होता आणि पडद्यावर फुलांचं चित्र होतं. मी पाहिलेला फोन आणि मला मिळालेला फोन एकच आहे का, हे पाहायला आता उघडा असा कोपराही शिल्लक नव्हता.

जीमेलचं खातंही त्यानंच उघडलं, पासवर्ड त्याच्याच मनचा. जुना फोन तीनशे रुपयांत एक्स्चेंजला घेतला. सिम जुन्या मोठ्या आकाराचं होतं, ते कापून लहान करून दिलं. पावती म्हणून एक चिठ्ठी मिळाली. वर 'एस्टिमेट' छापलेलं, खाली फोनचं मॉडेल आणि रक्कम. दुकानाचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही, फोनचा नंबर तर नाहीच. तळाला मात्र ठळक अक्षरांत, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'

घरी आलो आणि फोन लावायला गेलो तर एकही नाव नाही. माझे सगळे नंबर जुन्या फोनच्या मेमरीत होते, सिममध्ये नव्हते. डेपोतले ड्रायव्हर, काटोलचे साडूबंधू, हिचे डॉक्टर, सगळे गेले. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर, "काका, तो माल तर निघून गेला न."

तरी पहिले पंधरा दिवस आनंदात गेले हे खोटं का सांगू? नातवाला पाहिलं. शेजारच्या मुलानं ॲप टाकून दिलं, चेहरा दाखवून हयातीचा दाखला झाला. मग फोन तापायला लागला. सकाळी शंभर टक्के चार्ज केलेला फोन दुपारी दोनपर्यंत संपायचा. शेजारचा तो मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्यानं एकदा कव्हर काढलं आणि चार्जिंगच्या भोकाकडं बोट दाखवलं. कडेचा रंग पिन घालून घालून उडालेला होता, माइकच्या बारीक छिद्रात काळपट मळ बसलेला होता. वीस दिवसांत असं होत नाही. त्यानं डायलवर *#०६# दाबायला लावलं. पडद्यावर आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख नंबर आला, पंधरा आकड्यांचा. मी बॉक्स काढून शेजारी धरला.

पहिले आठ आकडे तंतोतंत सारखे. नववा वेगळा, आणि त्यापुढचेही वेगळे. तो म्हणाला, पहिले आठ आकडे मॉडेलचे असतात, पुढचे सहा त्या एका हँडसेटचे आणि शेवटचा पडताळणीचा. म्हणजे मॉडेल तेच, फोन दुसरा. दोन सिमच्या फोनला असे दोन नंबर असतात. दुसराही पाहिला, तोही जुळला नाही. मी कितीतरी वेळ बॉक्स एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात धरून तसाच बसून होतो.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलीनं दोन्ही नंबर टाकून पाहिले. माझ्याकडच्या फोनची वॉरंटी एकोणीस महिन्यांपूर्वी सुरू होऊन संपलीही होती. बॉक्सवरच्या नंबराचा फोन मात्र माझ्या खरेदीनंतर तिसऱ्या दिवशी चालू झाला होता. माझा नवा फोन कुणाच्या तरी हातात होता.

त्या रात्री झोप लागली नाही ती पैशामुळं नाही. हा फोन चोरीचा निघाला तर? माझं सिम त्यात चालू होतं, पोलीस शोधत आले असते तर माझ्या दारात आले असते. मुलीनं फोनवरून सांगितलं की दूरसंचार खात्याची सोय आहे. मेसेजमध्ये इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरं लिहायची, जागा सोडून पंधरा आकडी आयएमईआय टाकायचा आणि १४४२२ला पाठवायचा. संचार साथी या सरकारी पोर्टलवरही तेच पाहता येतं. उत्तर आलं, मॉडेल आणि कंपनीचं नाव बरोबर, नंबर वैध. जीव भांड्यात पडला. हाच मेसेज साध्या बटणाच्या फोनवरूनही जातो. म्हणजे जुना फोन खिशात असताना, पैसे द्यायच्या आधी, दुकानात उभं राहून मी तो पाठवू शकलो असतो. नंबर काळ्या यादीत, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असल्याचं उत्तर आलं असतं तर तसाच उठून बाहेर पडलो असतो.

दुकानात गेलो. मुलगा तोच, आवाज वेगळा. "काका, आमच्याकडून हाच पीस घेतला कशावरून? तुम्हीच बॉक्स बदलला असाल."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. चिठ्ठीवर दुकानाचं नाव नाही, फोनचा नंबर नाही. पैसे रोख दिलेले. आणि इथं मला एक गोष्ट फार कळकळीनं सांगायची आहे. पहिला स्मार्टफोन घेणारा माणूस जवळजवळ नेहमी रोखीनं घेतो, कारण यूपीआय वापरायला लागतो तोच फोन त्याच्याकडं नसतो. त्या दिवशी सकाळी एटीएममधून बारा हजार काढल्याची नोंद पासबुकात आहे, पण ते पैसे कुणाला दिले याची कुठंच नाही. मुलीला सांगितलं असतं तर तिनं पुण्याहून दुकानाच्या खात्यात पाठवले असते. माझं एटीएम कार्ड दुकानातल्या मशीनवर चाललं असतं. एवढा एक कागद असता तर तो मुलगा असं बोलू शकला नसता.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, तक्रार नोंदवली आणि बिल विचारलं. मग मुलीनं २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा वाचून दाखवला. कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा दिल्या आहेत. जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणं हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. बिल न देणंही आहे. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणंही आहे. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापून दुकानदार या कायद्यातून सुटत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. मी अर्ज केला आहे. सर्व्हिस सेंटरनं दोन्ही नंबरांच्या तारखा छापून दिल्या, त्याच आता माझा आधार.

जुना फोन विकणं हा काही गुन्हा नाही. जुना म्हणून सांगितला असता, सहा हजारांत दिला असता, तर मी खुशीनं घेतला असता. माझी गरज तेवढीच होती.

तुमच्यापैकी कुणी फोन घ्यायला जाणार असेल तर सील पाहून थांबू नका. सील तर माझ्याही बॉक्सला होतं. फोन बॉक्समधून निघाल्यावर नजरेआड होऊ देऊ नका. गार्ड लावायचा तर काउंटरवर, समोर लावा म्हणावं. फोन सुरू झाला की स्वतःच्या हातानं *#०६# दाबा आणि बॉक्स, पडदा, बिल तिन्ही ठिकाणचे पंधराच्या पंधरा आकडे बोट ठेवून वाचा. घाई होईल, मागं गिऱ्हाईक उभं असेल, तरी वाचा. चष्मा विसरला असेल तर दुसऱ्या दिवशी जा. जीमेलचा पासवर्ड आपल्या वहीत आपल्या अक्षरात हवा. फोन पूर्ण रिकामा करून पुन्हा सुरू करताना तो जुनंच खातं विचारतो. माझं सर्व्हिस सेंटरमध्ये त्याच्यापाशी अडलं होतं. सिम लहान करायचं तर कंपनीच्या गॅलरीतून बदलून घ्या. त्यानंतर २४ तास एसएमएस बंद राहतात, म्हणून बँकेचं काही काम त्या दिवशी ठेवू नका. आणि जुना फोन महिनाभर तरी घरात राहू द्या. तीनशे रुपयांसाठी देऊ नका.

फेब्रुवारीत आयोगाची नोटीस कुणाच्या नावानं काढायची ते पाहायला, पाटीवरचं नाव-पत्ता टिपून घ्यायला मी आणि मुलगी त्या गल्लीत गेलो. काउंटरच्या खालच्या काचेआड प्लास्टिकच्या टबात जुने बटणांचे फोन आणि चार्जरच्या वायरींचा गुंता पडलेला होता. वरून तिसरा फोन मला ओळखीचा वाटला. मी मुलाला म्हटलं, त्याची बॅटरी काढ, खाली पाच आकडे कोरलेले असतील, आणि ते आकडे आधी बोलून दाखवले. तो माझा कंडक्टरचा बॅज नंबर. ड्युटीवर फोन अदलाबदल होऊ नये म्हणून कर्कटकाच्या टोकानं मीच कोरला होता. त्यानं बॅटरी काढली. मुलीनं वाकून वाचला आणि काही न बोलता तीनशे रुपये काउंटरवर ठेवले.

दोनशे अकरा नावं आहेत त्यात. रोज संध्याकाळी वहीत उतरवतो आहे. काल 'म'पर्यंत आलो.