तळघरातला दुसरा पंप: मृगापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

चिपळूणला बाजारपेठेत आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे आणि त्याच्याखाली तळघरात गोदाम. शाळा उघडायच्या तोंडावर माल भरावा लागतो, म्हणजे ऐन मृगात. तळघर जांभ्या दगडात खोदलेलं. जांभा पाणी पितो आणि मग सावकाश सोडत बसतो, त्यामुळे पाऊस थांबला तरी भिंतीच्या बुडातून झिरपणं थांबत नाही. जुलैत तर कोपऱ्यात उपळ फुटते, म्हणजे जमिनीतूनच पाणी वर येतं.

हे पाणी जमायला तळघरात खड्डा केलाय, त्यात एक एचपीचा पंप बरीच वर्षं आहे. त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण पावसाचा जोर वाढला की कुठेतरी झाड तारांवर येतं, लाइट जाते आणि नेमक्या गरजेच्या वेळी पंप गप्प. गेल्या वर्षी पहाटे चार तास लाइट नव्हती. खालच्या फळीवरचे वह्यांचे गठ्ठे भिजून पावासारखे फुगले. त्यावर नावं घालायची म्हणून दोन शाळांनी आगाऊ पैसे दिले होते. तेव्हाच ठरवलं, पुढच्या पावसाआधी बॅटरीवर चालणारा दुसरा पंप.

पंप घ्यायच्या आधी पाणी मोजलं, आणि हे प्रत्येकाने करावंच. आमचा खड्डा ६० बाय ६० सेंटीमीटरचा. म्हणजे पाणी १० सेंटीमीटर चढलं की ३६ लिटर आलं. भर पावसात पंप बंद करून घड्याळ लावलं, तर १० सेंटीमीटर चढायला एक मिनिट लागलं. तेवढ्याला अर्धा एचपी भरपूर झाला. दुकानदार दीड एचपी गळ्यात मारत होता. तो घेतला असता तर इन्व्हर्टरही मोठा लागला असता.

मोटार चालू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. घरचा ८५० व्हीए इन्व्हर्टर लावून पाहिला, तो लगेच ओव्हरलोड दाखवून बंद पडला. शेवटी २ केव्हीएचा प्युअर साइन वेव्ह आणि १५० एएचच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या घेतल्या. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मोटार तापते, तिथे पैसे वाचवू नका. पंप, पाइप, मजुरी धरून ५६ हजार गेले. बॅटऱ्या तळघरात ठेवल्या नाहीत, वर माळ्यावर ठेवल्या.

पहिली परीक्षा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात झाली आणि त्यात आम्ही नापास झालो. रात्री दीडला लाइट गेली. मुलगा खालून ओरडला, "बाबा, दुसरा पंप चालू होत नाहीये!" टॉर्च मारून पाहिलं तर फ्लोट, म्हणजे पाण्याबरोबर वर येऊन पंप चालू करणारा तरंगता स्विच, पाण्याखालीच होता. फिटिंग करणाऱ्याने दोन्ही फ्लोटच्या वायरी एकाच पाइपला बांधल्या होत्या. त्या एकमेकींत गुंतल्या आणि दुसरा फ्लोट वर यायच्या ऐवजी भिंतीला चिकटून आडवाच राहिला. मी काठीने तो सोडवला आणि पंप घरघरत सुरू झाला. पाणी फळीपासून चार बोटांवर होतं. त्या रात्री मी पायरीवरच बसून राहिलो, झोप लागणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुसरा फ्लोट समोरच्या भिंतीवर वेगळ्या पट्टीला लावला, पहिल्यापेक्षा १५ सेंटीमीटर वर. मग बाकीचंही नीट पाहिलं. दोन्ही पंपांचं पाणी एकाच पाइपातून एकाच गटारात जात होतं. गटार भरलं की दोघांची वाट एकदमच बंद. आता दुसऱ्याचा पाइप वेगळा आहे, तोंड गटाराच्या वर रस्त्याच्या उतारावर. प्रत्येकाला आपापला एनआरव्ही आहे, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारे स्विच, तेही वेगळे केले, नाहीतर दमटपणाने एक उडाला की दोन्ही पंप बंद.

त्यानंतर पंपाने एकदाही दगा दिला नाही. ऑगस्टमध्ये सलग सहा तास लाइट नव्हती. पंप मिनिटभर चालायचा, दोनेक मिनिटं थांबायचा. बॅटरी निम्म्याच्या जरा खाली गेली, पण जमीन कोरडी राहिली. गणपतीला पाच दिवस गावी गेलो तेव्हा खड्ड्याच्या काठाला तिसरा छोटा फ्लोट लावून भोंगा जोडला आणि किल्ली शेजारच्या काकांकडे दिली. भोंगा वाजला नाही, तरी काका रोज डोकावून आले.

काम मात्र करावं लागतं. तांबडी माती जाळीत बसते. दर पंधरा दिवसांनी पंप उचलून धुतो. महिन्यातून एकदा बॅटरीचं पाणी बघतो आणि मेनचा पंप बंद ठेवून बादल्या ओतून दुसरा चालतो का ते पाहतो.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हा पंप झिरपणाऱ्या पाण्यासाठी आहे, नदीसाठी नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली, तेव्हा असे दहा पंप असते तरी काही झालं नसतं. बाहेर टाकलेलं पाणी त्याच दारातून परत आलं असतं. पुराचा इशारा आला आणि वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते त्या दाभोळच्या खाडीला भरती असली की मी पंपाकडे बघतही नाही, आधी तळघराचा मेन स्विच पाडून माल वर काढतो.

दिवाळीच्या साफसफाईत दोन्ही पंप धुऊन ठेवले. शेजारच्या काकांनाही असाच बसवायचा आहे. कुठला घेऊ विचारत होते. आधी खड्डा मोजा म्हटलं, तर टेप आमचाच घेऊन गेलेत.